शिवणीसकट चिंधी

आमच्या गल्लीतली रंगारीण धंद्यात अडतीस वर्षं टिकली. कशी टिकलीस म्हणून विचारलं की ती म्हणे, "मला काय माहीत?" हे उत्तर ऐकून माझं डोकं फिरायचं. मी तिच्या शेजारचा शिंपी. दोन दुकानांमधली भिंत इतकी पातळ की तिने शेगडीवर हंडा चढवला की माझ्या कापायच्या टेबलाला ऊब लागायची. इतक्या जवळून एकतीस वर्षं बघूनही मला त्या बाईच्या धंद्यात धंदा म्हणावा असं काही सापडलं नव्हतं.

सगळी गल्ली तिला आत्या म्हणते. माझ्याहून सहाच वर्षांनी मोठी असेल, पण मीही आत्याच म्हणतो. तिचा नवरा एका खानावळीत आचारी होता. तो गेला तेव्हा मागे एक तान्ही मुलगी आणि खानावळीच्या मालकाने टाकून दिलेला एक भलामोठा हंडा राहिला. आता असा हंडा घरात असला तर शहाणा माणूस तो मोडीत घालील. हिने काय केलं? स्वतःचे विटलेले कपडे त्यात घालून रंगवले. शेजारणीने ते बघितले आणि आपले आणून दिले. मग शेजारणीच्या नणंदेने. झालं दुकान सुरू. मला ही कथा तिने सांगितली तेव्हा मी म्हटलं होतं, "अगं, धंदा असा सुरू करतात का? आधी बाजार बघायचा, गिऱ्हाईक किती येईल ते बघायचं." ती म्हणाली, "बघायला वेळ कुठे होता? हंडा होता."

तिचा सगळ्यात आवडता शब्द म्हणजे 'बघू'. गिऱ्हाईक यायचं, विचारायचं, "रंग चढेल का?" "बघू." "कधी मिळेल?" "बघू." "एवढाच गडद होईल ना?" "बघू या." एखादा डॉक्टर असं म्हणाला असता तर लोकांनी दगड मारले असते. पण लोक चिडायचे, कपडा तिथेच ठेवून जायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तिच्याकडेच यायचे. कोपरापर्यंत निळेकाळे हात, नखं कायमची काळी, अंगावर रंगाचे शिंतोडे उडालेला जुना झगा, आणि तोंडात बघू. मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगायचो, "शुक्रवारी पाच वाजता." शुक्रवारी पाच वाजता कपडा तयार नसायचा ही गोष्ट वेगळी, पण मी सांगायचो तरी.

गिऱ्हाईक गेलं की ती कात्री घ्यायची आणि कपड्याच्या आतल्या बाजूने, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणची, बोटभर चिंधी कापायची. ती एका छोट्या पातेल्यात मीठसोडा घालून रंगवायची, साबणाने खळखळून धुवायची, मागच्या खिडकीत वाळवायची, आणि मग उजेडात धरून बराच वेळ बघत बसायची. त्यानंतरच तोंडातून 'हो' किंवा 'नाही' निघायचं. ती चिंधी मग एका जाडजूड वहीत टाचणीने टोचून ठेवायची. अशा वह्यांचा ढीग झाला होता. मी म्हणायचो, "आत्या, रद्दीत दे." ती हसायची.

दुसरा तिचा एक अजब हिशोब होता, तोंडांचा. हंडा चढवण्याआधी आत काय काय पडणार ते बघायची आणि पुटपुटायची, "हे सगळं बिघडलं तर मला कुणाकुणाची तोंडं बघावी लागतील?" तीन तोंडं, चार तोंडं, चालेल. पाच तोंडांच्या वर एका हंड्यात कधीच नाही. मिळकत किती होईल याचा विचार ती नंतर करायची, केला तर. मला हे सगळं भित्रेपणाचं वाटायचं. दोन हंडे, तीन माणसं, मोठं दुकान हे सगळं तिला केव्हाच करता आलं असतं. मीही केलं नाही, पण मला निदान करायचं तरी होतं.

तर अशी ही आत्या. दोन वर्षांपूर्वी तिला दम लागायला लागला. डॉक्टरने सांगितलं, वाफेजवळ जायचं नाही. लेक दुसऱ्या गावाहून आली आणि म्हणाली, "आई, पुरे आता. दुकान बंद कर आणि माझ्याकडे चल." आत्याने नेहमीप्रमाणे "बघू" म्हटलं. त्या बघण्यातून उगवला तिचा भाचा.

हा तिच्या भावाचा मुलगा. तिशीचा, चांगला शिकलेला. कुठल्याशा मोठ्या कचेरीत पुढच्या पाच वर्षांत काय काय होणार याचे तक्ते करायचा. त्या पाच वर्षांतलं काहीच त्याच्या तक्त्याप्रमाणे झालं नसावं, कारण दुसऱ्याच वर्षी कचेरी बंद पडली. एवढ्यावरून एखादा शहाणा झाला असता. हा मात्र हातात एक भलाथोरला पांढरा फळा घेऊन आत्याच्या दुकानात हजर झाला. शेल्फावरच्या रंगांच्या बरण्या हलवून त्याने तो भिंतीवर ठोकला. त्या ठोकाठोकीत माझ्या बाजूची कात्री खिळ्यावरून पडली. त्या दिवशी मी त्याचं नाव तक्तेराव ठेवलं, आणि आठवड्याभरात ते गल्लीने उचललं.

तक्तेरावाचा फळा बघण्यासारखा होता. तीन रंगांची पेनं. एका बाजूला येत्या बारा महिन्यांत किती कपडे येणार त्याची चढती रेघ. येणाऱ्या महिन्याचं माणसाला माहीत नसतं, याने बाराव्याचंही ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या बाजूला 'धोके' असं मथळ्याला लिहून खाली ओळीने: वीज जाणे, पाणी न येणे, गॅस संपणे, रंग उशिरा येणे. प्रत्येकासमोर उपाय. मी एकदा चहा प्यायला गेलो तेव्हा ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली. आत्या स्टुलावर बसून धापा टाकत होती.

"काका, काही राहिलंय का?" त्याने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "सगळं आलंय. उद्यापासून जगात काही वेगळं घडायची सोयच नाही."

तो हसला. टोमणा कळला नसावा, किंवा कळूनही हसला असेल. मला तो आवडत नव्हता, हे सरळच सांगतो. मी पस्तीस वर्षं मशीन चालवून जेवढं शिकलो ते त्याला चौकटी आखून आठवड्यात यायला हवं होतं. पी हळद आणि हो गोरी. आणि दुसरंही एक कारण होतं, तेही सांगून टाकतो. आत्याची खोली रिकामी झाली असती तर मधली भिंत पाडून मला माझं दुकान दुप्पट करता आलं असतं. मी खोलीमालकाच्या कानावर ते हळूच घालूनही ठेवलं होतं.

खोलीचा करार त्या महिन्याच्या अखेरीस संपत होता. मालकाने आत्याला विचारलं, पुढे ठेवायची की सोडायची? लेक फोनवर म्हणत होती, सोड. भाचा म्हणत होता, ठेव. आणि नेमकं त्याच वेळी कोटांचं काम आलं.

कोपऱ्यावर मोठं हॉटेल आहे. तिथल्या वाढप्यांचे दोनशे पांढरे कोट. पांढऱ्यावर डाग दिसतात म्हणून मॅनेजरला ते गडद निळे करून हवे होते. भाचा तर हवेत गेला. आत्याने मात्र एक कोट मांडीवर घेऊन त्यावरून हात फिरवला. मग भाच्याला म्हणाली, "हे काम नीट उतरलं तर करार तुझ्या नावाने करू. नाही उतरलं तर मी खोली सोडते आणि लेकीकडे जाते. मला आता बिघडलेलं निस्तरायला दम नाही." एवढं लांब बोलणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी लेक तिला तपासण्यांसाठी आठ दिवस घेऊन गेली. जाताना दारात थांबून आत्या भाच्याला म्हणाली, "आधी चिंधी काप. मग पाच कोट कर, पण शेवटपर्यंत. धुऊन, वाळवून. मग बाकीचे."

"हो गं आत्या, माहीत आहे मला."

मग ती माझ्याकडे वळली. "शिंपी, लक्ष ठेव रे जरा."

"ठेवतो की," मी म्हटलं.

आता इथे एक गोष्ट कळायला हवी. ते कोट दोन वर्षांपूर्वी मीच शिवले होते. कापड चांगलं शंभर टक्के सुती. दोरा मात्र पॉलिस्टरचा, कारण सुती दोरा माझ्या मशीनवर सारखा तुटतो. आणि सुती कापडावर चढणारा रंग पॉलिस्टरच्या दोऱ्यावर चढत नाही. हंड्यातून काढल्यावर दोरा निळसर दिसतो, पण तो नुसता वर बसलेला रंग असतो. साबणाचं पाणी लागलं की तो उतरतो आणि दोरा पुन्हा पांढरा. ही काही मोठी विद्या नाही. ज्याने दोरा घातला त्याला ती माहीत असते.

सकाळी तक्तेरावाने कोट उलटा केला, आतून बघितलं आणि चिंधी कापली. चौकोनी, नेटकी, आतल्या पट्टीच्या मधोमध. मी दारात उभा होतो, तोंडात दोन टाचण्या धरून. त्याने ती रंगवली, धुतली, वाळवली, आत्या करायची तसंच सगळं. रंग असा सुरेख चढला होता की काय सांगावं. त्याने ती फळ्यावर लावली आणि तिचा फोटो काढला.

"काका, बघा! किती छान!"

मी टाचण्या काढल्या. "छान," मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. त्या वेळी मनात काय होतं ते आता गोड करून सांगता येईल, पण मला आठवतंय. पडू दे एकदा, असं होतं. शहाण्याला शब्दांचा मार पुरतो म्हणतात. याला शब्द पुरणार नाहीत, दोनशे कोट लागतील, असं मी स्वतःला समजावलं.

"आणि आत्याने पाच आधी म्हटलं होतं," मी एवढं मात्र बोललो, म्हणजे नंतर माझ्यावर यायला नको.

"त्यात वेळ जातो, काका. दोन दिवस नुसतं रंगवायचं, तिसऱ्या दिवशी सगळे एकदम साबणात, चौथ्या दिवशी वाळत, पाचव्या दिवशी इस्त्री." त्याने फळ्यावर दाखवलं. "आणि आत्याच्या हिशोबानेही बघा, गिऱ्हाईक एकच आहे. म्हणजे तोंड एकच."

मला हसू आलं. एकाच माणसाचं तोंड दोनशे कोटांएवढं होऊ शकतं हे त्याच्या चौकटीत बसत नव्हतं.

दोन दिवस भिंतीपलीकडे हंडा रटरटत होता आणि तक्तेराव शीळ वाजवत होता. माझ्या टेबलाला ऊब लागत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी शीळ थांबली. मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग तोही थांबला.

"काका, जरा येता का?"

मागच्या अंगणात दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर निळे कोट टांगलेले होते, थोडे वाळलेले, बरेचसे ओले. प्रत्येकाच्या कॉलरवर, खिशांवर, बाह्यांवर, पाठीच्या मधून पांढरी रेघ. मी हे सगळं दोन दिवस मनातल्या मनात बघितलं होतं आणि त्यात मजाही वाटली होती. एक गोष्ट मात्र मी बघितली नव्हती. पांढऱ्यावर पांढरी शिवण कुणाला दिसत नाही. गडद निळ्यावर ती टाक्याटाक्याने दिसते. आणि माझ्या शिवणी वाकड्या होत्या. एक खिसा दुसऱ्याहून बोटभर खाली, खांद्यावर रेघ मध्येच झोकांडी खाल्लेली, पाठीची शिवण कमरेपाशी येऊन डावीकडे निघालेली. शेवटचे शंभर कोट घाईत शिवले होते ते मला आठवलं.

"मॅनेजरने दिलेल्या कागदावर शंभर टक्के सुती लिहिलंय," तक्तेराव म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"कापड सुतीच आहे. दोरा नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू विचारलंस कुठे?" मी म्हटलं.

आयुष्यात मी बऱ्याच हलक्या गोष्टी बोललोय, पण त्यांत या वाक्याचा नंबर वरचा. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो उपड्या बादलीवर बसला. मग उठून आत गेला, फळ्याजवळचं निळं पेन घेऊन आला, आणि एका कोटाची शिवण टाक्याटाक्याने रंगवायला लागला. एका बाहीला पाऊण तास लागला. मी माझ्या दुकानात परत आलो. हसावं असं ते दृश्य होतं, पण हसू काही आलं नाही.

त्याने आत्याला फोन केला असावा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिल्याच गाडीने आली. लेकीशी भांडून आली असणार. मला वाटलं आता रडारड होईल, करार गेला, खोली गेली. ती अंगणात गेली, दोऱ्यांखालून एक फेरी मारली, धाप लागली म्हणून बादलीवर बसली, आणि विचारलं, "काय काय आहे आपल्याकडे?"

"दोनशे बिघडलेले कोट," भाचा म्हणाला.

"बिघडलेले हे तुझं मत. त्यांनी निळे मागितले होते. निळे आहेत ना?"

"आत्या, हॉटेलवाल्याला काय सांगायचं ते आधी ठरवू या. मी तीन मुद्दे काढलेत."

"तो काय म्हणतो ते ऐकू, मग ठरवू." तिने त्यातल्या त्यात वाळलेला एक कोट काढला आणि सरळ स्वतःच्या अंगात घातला. बाह्या तिच्या बोटांच्या खाली गेल्या. "शिंपी, तूही चल. टेप घे."

टेप कशाला ते मी विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं. मुकाट्याने गळ्यात टेप टाकला आणि निघालो.

हॉटेलच्या मागच्या दाराशी, भाज्यांच्या टोपल्यांमध्ये, मॅनेजर सापडला. आत्याने दोन्ही हात पसरून कोट दाखवला. "रंग धरलाय. दोऱ्याने धरला नाही, म्हणून रेघा पांढऱ्या राहिल्या. सगळ्या दोनशेवर आहेत. आता तूच बघ, चालतंय का." इतकी वर्षं धंदा केलेली बाई, पण ना सारवासारव, ना एक शब्द वाढवून. मी असतो तर म्हटलं असतं, साहेब, ही नवी पद्धत आहे.

मॅनेजरने तिच्या अंगातला कोट काढून एका वाढप्याला घालायला लावला. त्याला पुढून बघितलं, मागून बघितलं, चार पावलं चालायला लावलं.

"पांढरी रेघ वाईट नाही दिसत," तो म्हणाला. भाच्याने श्वास सोडलेला मला ऐकू आला. "पण हे काय?" मॅनेजरने वाढप्याच्या पाठीवर बोट ठेवलं आणि माझ्या शिवणीबरोबर ते खाली नेलं, कमरेपाशी डावीकडे. "रेघ दिसणारच असेल तर ती सरळ तरी नको का? कुणी शिवलेत हे?"

आत्या टोपलीतल्या कांद्यांकडे बघत होती, भाचा स्वतःच्या चपलांकडे. मला आजही वाटतं, त्या दोघांपैकी कुणीतरी माझं नाव घेतलं असतं तर फार सोपं झालं असतं.

"मी," मी म्हटलं.

"सरळ करून द्या. आठ दिवस देतो. नाहीतर सगळे परत न्या, मी पांढरेच नवे करून घेईन."

म्हणजे आता करार, खोली, भाच्याचं नशीब आणि आत्याची अडतीस वर्षं, सगळं येऊन पडलं माझ्या मशीनवर. ज्या मशीनसाठी मला तिची खोली हवी होती त्याच मशीनवर.

आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. एकशे चौदा कोट वाकडे निघाले. भाचा पात्याने शिवणी उसवायचा, मी खडूने रेघ मारून पुन्हा शिवायचो, आत्या माझ्या दुकानात, वाफेपासून लांब, खुर्चीत बसून दोऱ्याची टोकं कापायची. पहिले दोन दिवस मी मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी भाचा चहा आणायला गेला तेव्हा मला राहवलं नाही.

"आत्या, त्याने चिंधी तुझ्यासारखीच कापली होती. तुझ्या हातून हे झालं असतं का?"

"माझी चिंधी शिवणीसकट असते," ती म्हणाली.

एकतीस वर्षं मी तिला चिंध्या कापताना बघितलं होतं. तिची प्रत्येक चिंधी कडेची असायची, दुमडीतली, टाक्यांसकट. मी बघितलं होतं आणि मला कधी दिसलं नव्हतं. वर पुन्हा हसायचो.

"भाच्याला सांगितलं नाहीस?"

"हाताला सवय झाली. सांगायचं असतं हे सुचलंच नाही. माझी चूक ती." मग तिने भाच्याला आल्यावर एक जुनी वही आणायला लावली. पुठ्ठा सुटलेली, सगळ्यात खालची. तिने बरीच पानं उलटली आणि एका पानावर थांबली. काळी चिंधी होती, आणि तिच्या मधून पांढरी रेघ.

"ही काय?"

"तुझी."

मी नव्यानेच गल्लीत दुकान घातलं होतं त्या वर्षीची गोष्ट. एका मास्तरीणबाईंनी माझ्याकडून एक पांढरा लांब झगा शिवून घेतला आणि तो नीट बसला नाही म्हणून काळा करून घरात घालायला तिच्याकडे रंगवायला दिला. तेव्हाही मी सुती दोरा तुटतो म्हणून दुसराच घातला होता. झगा हंड्यातून निघाला तो सगळीकडे पांढऱ्या रेघा घेऊन. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मास्तरीणबाई मला नंतरही रस्त्यात भेटल्या, हसल्या, पुन्हा कपडे शिवून घ्यायला आल्या.

"मग तू त्यांना काय सांगितलंस?"

"माझ्या हातून रंग बिघडला म्हणून सांगितलं. माझा एक चांगला झगा देऊन टाकला त्यांना."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नवा होतास," ती दोऱ्याचं टोक कापत म्हणाली. "पहिल्याच महिन्यात नाव खराब झालं असतं तर गिऱ्हाईक फिरकलं नसतं. मला काय, मी जुनी होते. एक तोंड बघायचं होतं, बघितलं. तेव्हापासून चिंधी शिवणीसकट घेते. कापडाचं सांगता येतं, शिंप्याचं नाही."

भाचा कपबशी हातात धरून उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता तो विचारेल की काका, मग तुम्ही माझ्या वेळी काय केलंत? त्याने विचारलं नाही. त्या घराण्यालाच विचारायची सवय नसावी.

"मी तुला लक्ष ठेव म्हटलं होतं," आत्या म्हणाली. रागाने नाही, आठवण करून द्यावी तशी.

"ठेवलं होतं," मी म्हटलं, आणि मशीन सुरू केलं. दुसरं काय करणार होतो? मी सोळा कोट न थांबता शिवले. त्यांतला एकही वाकडा नव्हता.

कोट आठव्या दिवशी गेले. मॅनेजरने घेतले, कुरकुर करत घेतले, पण घेतले. करार भाच्याच्या नावाने झाला. सही करायच्या वेळी मालकाने माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. आत्या लेकीकडे राहते आता. महिन्यातून एकदा येते, स्टुलावर बसते, आणि भाच्याने काही विचारलं की म्हणते, "बघू."

तक्तेरावाने फळा उतरवला आणि पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवला. 'धोके' एवढं अजून त्यावर वाचता येतं. तो आता गिऱ्हाइकांना तारखा सांगत नाही. खोटं वाटतं ऐकायला, पण खरं आहे, गिऱ्हाईक वाढलंय. आणि माझ्या हातचं काही रंगायला आलं की तो आधी माझ्या दारात येतो.

"काका, दोरा कुठला?"

"सुती," मी सांगतो. आणि सुतीच असतो. त्या कोटांनंतर मी पॉलिस्टरचं रीळ दुकानात ठेवलेलं नाही. तुटला तर तुटला, पुन्हा ओवतो.

"बरं," तो म्हणतो, मान डोलावतो. मग तिथेच, माझ्या डोळ्यांसमोर, कपडा उलटा करतो, कात्री काढतो, आणि शिवणीसकट चिंधी कापतो.